ॲक्सोलॉटलची पिल्लं वाढवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरच्या ॲक्सोलॉटलने (आयुष्यभर पाण्यात राहणाऱ्या, डोक्याबाहेर कल्ले असलेल्या उभयचर प्राण्याने) अंडी घातली किंवा बोटाएवढं पिल्लू विकत आणलं, की जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. सगळ्यात जास्त वेळा येणारं वाक्य एकच: "काल रात्री सगळी छान होती, सकाळी मेलेली सापडली." असं मरण खरोखर अचानक आलेलं क्वचितच असतं. बहुतेक वेळा कारण आदल्या एक-दोन दिवसांत पाण्यात, उष्णतेत किंवा खाण्यात तयार झालेलं असतं, आणि लक्ष असलं तर ते दिसतं. पिल्लं आत्ता मरत असतील तर बाकी सगळं सोडून थेट प्रश्न १२ वाचा.

१. टँकमध्ये अंडी दिसली. ती तिथेच राहू द्यावीत का?

नको. नर आणि मादी दोघंही अंडी खातात, आणि फुटून निघालेली पिल्लं तर नक्कीच खातात. मादी अंडी पानांवर, दगडांवर, फिल्टरच्या नळीवर चिकटवत जाते. एका वेळी शंभरापासून हजारापर्यंत, कधी त्याहूनही जास्त. पानावरची अंडी पानासकट कापून घ्या. काचेवरची अंडी जुन्या प्लास्टिक कार्डाच्या कडेने हलकेच सुटतात. भोवतीची जेली चिवट असते, घाबरू नका.

आता जे कुणाला ऐकायला आवडत नाही ते. सगळी अंडी वाढवायची नाहीत. नोकरी आणि घर सांभाळून एका माणसाला वीस-पंचवीस पिल्लं नीट वाढवता येतात. चारशे ठेवली तर खाणं, पाणी आणि जागा तिन्ही कमी पडतात. जास्तीची अंडी पहिल्या दोन-तीन दिवसांत, आत पिल्लाचा आकार दिसण्याआधी, फ्रीझरमध्ये ठेवा. हे कठोर वाटतं. पण उपाशी राहून, भावंडांकडून पाय तोडून घेऊन मरणं त्याहून कितीतरी वाईट आहे.

२. अंडी किती दिवसांत फुटतात?

१८ ते २० अंश सेल्सिअसला साधारण दोन ते तीन आठवड्यांत. पाणी थंड असेल तर जास्त दिवस लागतात, आणि त्यात काही वाईट नाही. लवकर फुटावीत म्हणून पाणी गरम करू नका. पांढरी पडलेली किंवा अंगावर कापसासारखी बुरशी आलेली अंडी रोज वेचून काढा, नाहीतर बुरशी शेजारच्या अंड्यांवर पसरते. जेली फाडून पिल्लू "सोडवायचा" प्रयत्न करू नका.

३. पिल्लं निघाली, पण दोन दिवस काही खात नाहीत. आजारी आहेत का?

नाहीत. पोटात अंड्यातला बलक शिल्लक असतो, त्यावर पहिले दोन ते तीन दिवस जातात. या काळात ती तळाला किंवा काचेला चिकटून निपचित पडलेली असतात, धक्का लागला की सुळकन पळतात. खाणं टाकू नका, फक्त पाणी स्वच्छ ठेवा. तिसऱ्या दिवशी मात्र जिवंत खाणं तयार हवं.

४. माशांच्या पिल्लांची पावडर किंवा उकडलेल्या अंड्याचा बलक चालेल का?

नाही. नव्याने निघालेलं पिल्लू हलणाऱ्या गोष्टीवरच झडप घालतं. जे हलत नाही ते त्याच्या लेखी खाणंच नाही. पावडर तळाशी जाऊन कुजते, अमोनिया वाढतो आणि पिल्लू उपाशीच राहतं. माशांच्या पिल्लांना बलक घालायची सवय असलेले अनुभवी मासेवालेसुद्धा इथे चुकतात. पहिलं खाणं म्हणजे आर्टेमियाच्या (खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या बारीक जिवाच्या) नुकत्याच निघालेल्या अळ्या, ज्यांना दुकानात "ब्राइन श्रिंप" किंवा "बीबीएस" म्हणतात. त्या घरी कशा काढायच्या ते प्रश्न ५ मध्ये.

५. आर्टेमिया घरी कसा काढायचा? दर वेळी फसतो.

एक लिटर पाण्यात २५ ते ३० ग्रॅम खडे मीठ आणि चिमूटभर खायचा सोडा. शीतपेयाची मोठी बाटली उलटी करून बूड कापलं की भांडं तयार. एअर पंपाची नळी तळापर्यंत सोडा, हवा जोरात हवी, आर्टेमियाची अंडी सतत फिरत राहिली पाहिजेत. अर्धा चमचा अंडी पुरतात. दिव्याचा उजेड आणि २६ ते २८ अंश तापमान मिळालं की साधारण २४ तासांत नारिंगी अळ्या दिसतात. म्हणजे आर्टेमियाला ऊब हवी आणि पिल्लांना गारवा. दोन्ही एकाच कोपऱ्यात ठेवू नका.

काढताना हवा बंद करून दहा मिनिटं थांबा. रिकामी कवचं वर तरंगतात, अळ्या खाली जातात. तळाशी टॉर्च धरला की त्या उजेडाकडे गोळा होतात. तिथून नळीने ओढून दाट विणीच्या सुती कापडातून गाळा आणि क्लोरीन काढलेल्या साध्या पाण्याने दोनदा धुवा. मिठाचं पाणी पिल्लांच्या भांड्यात जाता कामा नये, आणि कवचंही शक्य तितकी टाळा, कारण ती पिल्लांना पचत नाहीत.

फसण्याचं नेहमीचं कारण म्हणजे शिळी अंडी. डबा उघडल्यावर दमट हवा लागली की फुटण्याचं प्रमाण झपाट्याने घसरतं. डबा घट्ट बंद करून फ्रिजमध्ये ठेवा, आणि ॲक्सोलॉटलची अंडी फुटायच्या आठवडाभर आधी एकदा चाचणी घेऊन बघा. पुढे दोन बाटल्या ठेवून त्या आलटून-पालटून लावा, म्हणजे रोज ताज्या अळ्या मिळतात. ताज्या का? कारण आर्टेमियाच्या अळीचा कसही तिच्या बलकात असतो. एक दिवस उलटला की पिल्लाचं पोट भरतं, पण अंगी फारसं लागत नाही.

६. आर्टेमिया मिळत नाही. दुसरं काय देता येईल?

डॅफ्निया (पाण्यात उड्या मारत पोहणारा बारीक जीव) उत्तम, कारण तो गोड्या पाण्यात जिवंत राहतो आणि न खाल्लेला कुजत नाही. नव्या पिल्लांना मात्र त्यातले बारीकच देता येतात. मायक्रोवर्म, म्हणजे अगदी बारीक कृमी, घरी सहज वाढतात, पण त्यांच्यावर एकट्यावर पिल्लं खुरटतात. अडचणीच्या दिवसांपुरते ठीक.

डासांच्या अळ्या थोड्या मोठ्या झालेल्या पिल्लांना चालतात, त्यासाठी स्वतःच्या बाल्कनीत स्वच्छ पाण्याची बादली ठेवा. अळ्या रोज वेचून घ्या, नाहीतर घरात डास होतील. बाहेरच्या डबक्यातल्या, हौदातल्या अळ्या घेऊ नका. पालिकेचे कर्मचारी अशा साठ्यांत अळीनाशक टाकतात. गटारातून आलेला ट्युबिफेक्सही (चिखलातले बारीक लाल किडे) नको. तळ्यातून गाळून आणलेल्या डॅफ्नियात चतुराची अळी आली, तर ती एका रात्रीत पिल्लं फस्त करते, म्हणून पांढऱ्या ताटलीत ओतून नीट बघूनच द्या.

७. किती वेळा आणि किती घालायचं?

दिवसातून दोनदा. प्रमाण चमच्यात सांगता येत नाही, पण पोटात बघता येतं. पिल्लू जवळजवळ पारदर्शक असतं, आर्टेमिया खाल्ला की पोट नारिंगी दिसतं. खाणं घातल्यावर तासाभराने भिंगाने बघा. सगळ्यांची पोटं नारिंगी आणि पाण्यात अळ्या थोड्याच उरलेल्या, म्हणजे बरोबर. आर्टेमिया गोड्या पाण्यात काही तासांत मरतो. तळाशी गुलाबी साय दिसायला लागली, तर ती मेलेल्या अळ्यांची असते आणि ती त्याच दिवशी काढायची असते. थोडं कमी घालून पोटं बघत जाणं हे जास्त घालून "खातील हळूहळू" म्हणण्यापेक्षा केव्हाही बरं.

८. पिल्लांना टँकमध्ये ठेवू की डब्यात? फिल्टर लावू का?

पहिले काही आठवडे उथळ, रुंद प्लास्टिकचे डबे. तळाला काहीही नको, वाळू नको, खडे नकोत. मोठ्या टँकमध्ये एवढं बारीक खाणं विखुरतं आणि पिल्लाला ते सापडत नाही. फिल्टरचा प्रवाह पिल्लांना दमवतो आणि फिल्टरचं तोंड उघडं असेल तर ओढूनही घेतो. त्यापेक्षा रोज सगळं पाणी बदलणं सोपं.

डब्यांचे दोन संच ठेवा. एक वापरात, दुसरा धुऊन वाळवलेला. पिल्लू खोलगट चमच्याने पाण्यासकट उचला, जाळीने नाही. जाळीत कल्ले अडकून फाटतात. हे डबे साबणाने किंवा भांडी घासायच्या लिक्विडने कधीही धुऊ नका. नुसतं गरम पाणी आणि वेगळी घासणी. एका डब्यात सुरुवातीला आठ-दहा पिल्लं चालतात, पुढे काय होतं ते प्रश्न १४ मध्ये.

९. नळाचं पाणी चालेल का?

क्लोरीन काढून चालेल. पाणी २४ तास उघड्या बादलीत ठेवलं की साधा क्लोरीन बराचसा उडून जातो. पाण्यात क्लोरामाईन असेल तर तो असा उडत नाही, म्हणून माशांच्या दुकानातलं क्लोरीन काढायचं औषध वापरा. घेताना लेबल वाचा, त्यात कोरफड असेल तर नको.

नळाचं पाणी रोज सारखं नसतं. पावसाळ्याच्या तोंडाला गढूळ पाणी आलं की क्लोरीन वाढवला जातो. सोसायटीची टाकी धुतली की ब्लीचिंगचा वास दोन दिवस राहतो. गावात विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंगची पावडर, टाकतात. अशा दिवशी पाणी भरू नका, किंवा दुप्पट वेळ ठेवा आणि चाचणी करून वापरा. आणि उन्हाळ्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी हाताला कढत लागतं, ते पहाटे भरून ठेवा.

१०. आरओचं किंवा बोअरचं पाणी जास्त चांगलं ना?

नुसतं आरओचं पाणी नको. त्यात क्षार जवळजवळ नसतात, आणि ॲक्सोलॉटलला थोडं जड पाणी मानवतं. पीएच ७.४ च्या आसपास असला की उत्तम. बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसतो, पण शेतीच्या भागात नायट्रेट जास्त असू शकतं. एकदा चाचणी करून घ्या. फार जड असेल तर त्यात थोडं आरओचं मिसळा, आणि ठरलेलं प्रमाण रोज तेच ठेवा.

११. आमच्याकडे उन्हाळा आहे. पाणी किती गार हवं आणि ते कसं करायचं?

हा प्राणी मुळात मेक्सिको सिटीजवळच्या सोचिमिल्कोच्या पाण्यातला. ती जागा समुद्रसपाटीपासून २,२०० मीटरहून उंच आहे, महाबळेश्वरपेक्षा कितीतरी वर. त्याच्यासाठी १६ ते १८ अंश उत्तम, २० ठीक, २२ ला काळजी, आणि २४ च्या वर दिवसामागून दिवस गेले तर मरण जवळ. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो, पिल्लाची भूक आणि विष्ठा वाढते, उरलेलं खाणं लवकर कुजतं, आणि त्याच अमोनियाचा विषारी भागही वाढतो. चारही गोष्टी एकाच वेळी होतात.

विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत पाण्यावरून पंखा फिरवला की बाष्पीभवनाने दोन-तीन अंश सहज उतरतात. मुंबई-कोकणात, दमट हवेत, हाच पंखा फारसा उपयोगी पडत नाही. डबे एका मोठ्या परातीत किंवा थर्माकोलच्या खोक्यात पाणी भरून त्यात ठेवा, आणि गोठवलेली बाटली त्या बाहेरच्या पाण्यात सोडा. पिल्लांच्या डब्यात थेट बर्फ टाकू नका. दिवसभरात तीन-चार अंशांचा चढउतारही त्यांना त्रास देतो. डबे जमिनीवर ठेवा, माळ्यावर किंवा फ्रिजच्या मागे नको. थर्मामीटर दुपारी तीनला आणि पहाटे बघा. सकाळी नऊचा आकडा फसवा असतो.

एक स्पष्ट मत: एसी किंवा चिलर नसताना मार्च ते जूनमध्ये नागपूर, अकोला, जळगावात अंडी आली, तर ती वाढवू नका. हिवाळ्यात अंडी पुन्हा येतील.

१२. काल रात्री ठीक होती, सकाळी सगळी मेली. काय झालं?

आधी जगलेल्यांना वाचवा. तयार असलेल्या, त्याच तापमानाच्या, क्लोरीन काढलेल्या पाण्यात लगेच हलवा आणि एक दिवस खाणं देऊ नका. मेलेली लगेच काढा. जुनं पाणी फेकून देऊ नका, एक ग्लास बाजूला ठेवा. चाचणी त्याचीच करायची आहे.

मग बघा, मेली कोण. सगळ्या डब्यांतली एकदम गेली, तर कारण सगळ्यांना सामायिक आहे: पाणी किंवा हवा. क्लोरीन, रात्रीची उष्णता, किंवा खोलीत फवारलेलं काही. डासांची कॉइल, प्लगमधलं लिक्विड, मुंग्यांचा खडू, झुरळांचा स्प्रे, गल्लीत पालिकेने केलेली धुराची फवारणी. यांतली बरीच औषधं पाण्यातल्या जिवांना फार थोड्या प्रमाणातही मारक असतात. एअर पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडतो हे लक्षात येत नाही. फवारणीच्या दिवशी डबे झाकून दुसऱ्या खोलीत न्या आणि पंप तिथेच लावा.

एकाच डब्यातली गेली आणि शेजारचा डबा ठणठणीत, तर त्या डब्यातलं उरलेलं खाणं हाच पहिला संशय. संध्याकाळी थोडा जास्त आर्टेमिया पडला, रात्रीतून मेला, कुजला, आणि पहाटेपर्यंत अमोनिया वाढला, प्राणवायू संपला. असा डबा किंचित दुधाळ दिसतो आणि वास येतो. उपाय एवढाच, की रात्रीचं खाणं झोपायच्या तासभर आधी घाला आणि झोपताना उरलेलं मोठ्या ड्रॉपरने ओढून काढा. रात्रीत पिल्लं मरण्याचं इतकं नेहमीचं आणि इतकं टाळता येण्यासारखं दुसरं कारण नाही.

वीज गेली होती का तेही आठवा. पंखा आणि पंप बंद पडून पाण्याचं तापमान चढलं, पण सकाळी तुम्ही उठेपर्यंत पुन्हा उतरलं, असं होऊ शकतं. बॅटरीवरचा छोटा एअर पंप आणि फ्रीझरमध्ये दोन बाटल्या कायम तयार ठेवा.

एकेक करून मरत असतील तर प्रश्न १३. पाणी बदलल्यावर लगेच मेली तर प्रश्न १७.

१३. सातव्या-आठव्या दिवसापासून रोज एक-दोन मरतात. पाणी स्वच्छ आहे.

ती बहुधा उपाशी आहेत. पहिल्या खाण्याला उशीर झाला किंवा अळ्या पुरल्या नाहीत, तर बलकाच्या जोरावर पिल्लू आठवडाभर तग धरतं आणि मग ढासळतं. वरून बघा. डोकं मोठं आणि मागे दोऱ्यासारखं अंग दिसत असेल, तर तेच. असं पिल्लू वेगळ्या छोट्या वाटीत घ्या आणि पाण्यात अळ्या दाट ठेवा, म्हणजे हालचाल न करताही एखादी तोंडाशी येईल. वाटीतलं पाणी दिवसातून दोनदा बदला. काही परत उभी राहतात. जी तोंडच उघडत नाहीत, त्यांच्यासाठी फार काही करता येत नाही.

१४. पिल्लांचे पाय तुटलेले दिसतात. रोग आहे का?

नाही, भावंडं चावतात. बेडकाच्या पिल्लाला मागचे पाय आधी येतात, ॲक्सोलॉटलला पुढचे. ते साधारण दोन सेंटिमीटरला येतात, आणि नेमका तोच काळ एकमेकांना चावण्याचा. हलतं ते खाणं, एवढंच त्यांना कळतं. शेजाऱ्याचा पाय हलला की झडप. तुटलेला पाय पुन्हा येतो, लहान वयात तर काही आठवड्यांत. त्या मधल्या काळात जखमेला बुरशी लागणं हा खरा धोका, म्हणून जखमी पिल्लू एकटं आणि गार, स्वच्छ पाण्यात ठेवा.

थांबवायचं कसं? पोटं भरलेली ठेवा, गर्दी कमी करा, आणि दर दोन-तीन दिवसांनी आकाराप्रमाणे वेगळं करा. एका डब्यात दोन पिल्लं बाकीच्यांपेक्षा अचानक दांडगी दिसायला लागली, तर ती भावंडांवर वाढतायत असं समजा. जागा असेल तर पुढचे पाय आल्यापासून पाच-सहा सेंटिमीटर होईपर्यंत प्रत्येकाला स्वतंत्र डबा. प्रश्न १ मधला आकडा लहान का होता ते इथे कळतं.

१५. पिल्लू उलटं तरंगतंय, पोट फुगलंय.

पोटात हवा गेली असेल किंवा खाणं अडकलं असेल. वरवर तरंगणारं खाणं ओरपताना हवा जाते. एक-दोन दिवस उपाशी ठेवा, पाण्याची उंची एवढी कमी करा की त्याचे पाय तळाला टेकतील, आणि पाणी गार ठेवा. बरीच आपोआप सावरतात. अंग सगळीकडूनच फुगलं असेल आणि कातडी ताणलेली दिसत असेल, तर तो वेगळा, गंभीर प्रकार आहे. तिथे उभयचरांची माहिती असलेल्या पशुवैद्याला दाखवा.

१६. कल्ल्यांवर कापसासारखं आलंय. कोणतं औषध टाकू?

माशांचं औषध नको. उभयचरांची कातडी पाण्यातलं जवळजवळ सगळं शोषते. तांबं, मॅलॅकाईट ग्रीन, फॉर्मालिन असलेली औषधं माशाला मानवतील, पिल्लाला मारतील. मिठाच्या पाण्यात बुडवण्याचा मोठ्यांवरचा उपाय सात-आठ सेंटिमीटरच्या आतल्या पिल्लावर करू नका. आधी मूळ कारण: पाणी घाण, गरम किंवा जखम. गार पाणी, रोज पूर्ण बदल, वेगळा डबा. देशी बदामाच्या झाडाचं वाळलेलं पान धुऊन पाण्यात टाकलं, तर ते बुरशीला थोडा आवर घालतं. पान फवारणी न झालेल्या झाडाचं हवं. पाणी चहाच्या रंगाचं होतं, तो दोष नाही.

१७. पाणी बदललं आणि अर्ध्या तासात तडफडून मेली. नवीन पाणी तर स्वच्छ होतं!

तीन शक्यता. पहिली क्लोरीन, दुसरी तापमानातली उडी. तिसरी कुणाच्या ध्यानात येत नाही. बरेच दिवस अर्धवट पाणी बदललेल्या भांड्यात पीएच हळूहळू उतरतो. आम्लधर्मी पाण्यात अमोनिया बराचसा निरुपद्रवी रूपात राहतो. वर भरपूर ताजं, पीएच ८ चं पाणी ओतलं, की तोच साठलेला अमोनिया विषारी रूपात बदलतो. २० अंशाला पीएच ७ वरून ८ वर गेला, तर विषारी भाग जवळजवळ दसपट होतो. म्हणून जुन्या पाण्यात नवीन ओतू नका. पिल्लंच चमच्याने नव्या पाण्यात न्या, आणि ते पाणी रात्रभर त्याच खोलीत, डब्याशेजारी ठेवलेलं असू द्या.

१८. चाचणीत अमोनिया शून्य येतो, तरी मरतात.

चाचणी कधी केली? पाणी बदलल्यावर केली तर शून्यच येणार. ती बदलण्याच्या आधी करा. पट्टीपेक्षा थेंबांची चाचणी भरवशाची. नायट्राईटही बघा, तेही शून्य हवं. दोन्ही खरोखर शून्य असतील, तर प्रश्न ११ मधल्या दुपारच्या तापमानाकडे आणि प्रश्न १२ मधल्या फवाऱ्यांकडे जा. हातही तपासा: सॅनिटायझर, डासांचं मलम, बागेतलं औषध लागलेल्या हाताने चमचा बुडाला तरी पुरतं. एवढं सगळं नीट असूनही मरत असतील, तर प्रश्न २२.

१९. गांडूळ केव्हापासून? पेलेट (तयार खाण्याच्या गोळ्या) केव्हा?

मागचे पाय आले आणि पिल्लू चार-पाच सेंटिमीटरचं झालं, की हळूहळू वासावरही खायला लागतं. तेव्हा बारीक चिरलेलं गांडूळ चिमट्याने तोंडासमोर हलवा. गांडूळखताच्या खड्ड्यातली लाल गांडुळं कडवट स्राव सोडतात, पुष्कळ पिल्लं ती थुंकतात. शेतातली साधी गांडुळं जास्त आवडीने खातात, फक्त ती फवारणी आणि रासायनिक खत नसलेल्या जमिनीतली हवीत. आर्टेमिया एकदम बंद करू नका, आठ-दहा दिवस दोन्ही चालू द्या. बुडणारे मऊ पेलेट त्यानंतर.

२०. मोठ्या टँकमध्ये केव्हा सोडू?

सात-आठ सेंटिमीटरनंतर, आणि टँक आधीपासून "सायकल" झालेला, म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू त्यात तयार झालेले असतील तरच. खडे कधीच नकोत, खाताना गिळले जातात आणि आतडं बंद होतं. बारीक वाळूसुद्धा पंधरा सेंटिमीटरच्या आधी नको. सोबत गप्पी किंवा गोल्डफिश सोडू नका, ते कल्ले कुरतडतात.

२१. दुकानातून चार सेंटिमीटरचं पिल्लू आणलं, आठवड्यात मेलं. माझं काय चुकलं?

कदाचित तुमचं काहीच नाही. एवढं लहान पिल्लू प्रवास, गरम पिशवी आणि नवीन पाणी एकदम झेलू शकत नाही. आठ-दहा सेंटिमीटरच्या आतलं घेऊ नका. दुकानात त्याला समोर खाताना बघा, आणि कोणतं खाणं, किती तापमान हे विचारा. उत्तर देता येत नसेल तर परत या. घरी आणल्यावर पहिला दिवस अंधार, शांतता, उपास.

२२. सगळं नीट असूनही ठरावीक पिल्लं निघाल्यावर फुगून मरतात. बाकीची ठणठणीत.

हे अनुवंशिक असू शकतं. आज प्रयोगशाळांत आणि घरांत असलेल्या ॲक्सोलॉटलपैकी बऱ्याच जणांचं मूळ १८६४ च्या सुमारास मेक्सिकोहून पॅरिसला नेलेल्या थोड्याशा प्राण्यांत आहे, त्यामुळे रक्तातली नाती जवळची. अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात रूफस हम्फ्री यांनी असा एक दोष अभ्यासला, ज्यात हृदय तयार होतं पण धडधडत नाही. पिल्लू अंड्यातून निघतं, पोहतं, मग सुजून मरतं. दोन्ही पालक वाहक असले, तर साधारण चौथा हिस्सा पिल्लांत तो येतो. तुमच्याकडचा प्रकार हाच आहे असं नजरेने ठरवता येत नाही, पण त्याच जोडीच्या दोन वेळच्या अंड्यांत तेच दिसलं, तर ती जोडी पुन्हा एकत्र ठेवू नका. सख्खी भावंडं जोडीला लावूच नका.

२३. कल्ले आखडतायत. बेडकासारखा जमिनीवर येणार का?

बहुतेक वेळा नाही. कल्ले आखूड होण्याचं नेहमीचं कारण खराब पाणी. ते सुधारलं की कल्ले भरतात. खरं रूपांतर दुर्मीळ असतं. त्यात शेपटीचा पडदाही जातो, पापण्या येतात, पिल्लू सारखं वर येऊन हवा घेतं. अशी तिन्ही लक्षणं एकत्र दिसली, तर पाणी उथळ करा आणि बाहेर चढायला एक उतार द्या, नाहीतर ते बुडेल.

२४. पिल्लं मित्रांना देता येतील का? कायदा काय म्हणतो?

ॲक्सोलॉटल साइट्स कराराच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या) परिशिष्ट २ मध्ये आहे. मूळ ठिकाणी तो जवळजवळ संपत आला आहे: सोचिमिल्कोत १९९८ साली दर चौरस किलोमीटर सुमारे ६,००० असलेली संख्या २०१४ च्या मोजणीत ३६ वर आली होती. भारतात वन्यजीव कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीने साइट्समधले प्राणी अनुसूची ४ मध्ये आले, आणि २०२४ च्या नियमांनुसार असा जिवंत प्राणी बाळगणाऱ्याने पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंद करायची असते. प्राणी घेतला, पिल्लं झाली, दुसऱ्याला दिली किंवा मेली, प्रत्येक वेळी. म्हणून अंडी वाढवायचं ठरवण्याआधीच स्वतःचे कागद पूर्ण करा, आणि घेणाऱ्यालाही ते करायला सांगा. परदेशातल्या मराठी वाचकांनी आपल्या राज्याचा नियम बघावा, कॅलिफोर्नियात हा प्राणी पाळायला बंदी आहे. ओढ्यात, तलावात सोडणं तर कुठल्याही परिस्थितीत नाही.

द्यायचंच तर पिल्लू आठ सेंटिमीटरच्या पुढचं, गांडूळ खाणारं असावं. नेण्याच्या आधी दोन दिवस उपास, एका पिशवीत एकच, एक तृतीयांश पाणी आणि बाकी हवा, आणि पिशवी थर्माकोलच्या खोक्यात. सोबत कापडात गुंडाळलेली गार बाटली. प्रवास पहाटेचा. आणि घेणाऱ्याला तुमच्या पाण्याचा पीएच, तापमान आणि सध्याचं खाणं कागदावर लिहून द्या.